आग चाकणला, बंब भोसरीला

चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी कंटेनर बंद पडला, की तो हलवायचा कसा हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर येतो. पहिला प्रश्न, हा रस्ता कुणाचा? महामार्गवाल्यांचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा, नगरपरिषदेचा, एमआयडीसीचा की पीएमआरडीएचा? प्रत्येकाकडे आपापला नकाशा असतो आणि प्रत्येकाच्या नकाशात कंटेनर शेजारच्याच्या हद्दीत उभा असतो. त्याच वेळी चौकापासून थोड्या अंतरावरच्या एखाद्या शेडमध्ये एक ट्रेनी इंजिनिअर लॅपटॉपपुढे बसलेला असतो. समोर काड्यापेटीएवढा बोर्ड आहे, त्यातल्या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम घालायचा आहे, उद्या सकाळी डिस्पॅच आहे आणि पडद्यावर लाल अक्षरांची रांग लागली आहे. तो मान मागे टाकून जाहीर करतो, ‘सॉफ्टवेअर गंडलंय.’ माझा दावा असा, की सॉफ्टवेअर गंडलेलं नसतं. निदान तो म्हणतो तितक्या वेळा तरी नसतंच. गंडलेली असते ती हद्द. दोन प्रोग्रॅमांमधली, दोन चिपांमधली, दोन कंपन्यांमधली. आणि हद्दीवर झालेल्या गुन्ह्याची खबर नेहमी अशाच कुणीतरी दिलेली असते, ज्यानं गुन्हा पाहिलेला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण ज्या कुणी केली त्याला यूएसबी केबल ठाऊक नव्हती, पण अंदाज अचूक होता.

चाकण-भोसरी-पिंपरीच्या या औद्योगिक पट्ट्याला हद्दीवरचा हा बिघाड जड का जातो, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी जन्माला आली, त्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या आणि त्यांच्या मागोमाग भोसरीच्या ब्लॉकाब्लॉकांत लेथ, मिलिंग, प्रेस घेऊन हजारो छोटे व्हेंडर बसले. या सगळ्या दुनियेत बिघाडाला जागा होती आणि आवाज होता. बेअरिंग जायला आली की ती आधी कण्हायची. फिटर स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून, वैद्यानं नाडी धरावी तसा, कुठली बेअरिंग जाणार ते सांगायचा. पट्टा सैल झाला तर दिसायचा, गिअरचा दात तुटला तर ट्रेमध्ये सापडायचा. बिघाड आणि बिघाडाची खूण एकाच जागी नांदत होती. मग इलेक्ट्रॉनिक्स आलं आणि त्यानं हा संसार मोडला. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, 1 एप्रिल 2020 ला देश बीएस फोरवरून पाचवी पायरी गाळून थेट बीएस सिक्सवर गेला आणि कार्ब्युरेटरच्या जागी हिशोब करून पेट्रोल फवारणारी चिप बसली. मोठ्या कंपनीचं हे झालं. तिला नट-बोल्ट पुरवणाऱ्यालाही आता ‘पोका-योके’ लागतं, म्हणजे चुकीचा पार्ट लागलाच जाऊ नये अशी व्यवस्था. आणि त्या व्यवस्थेच्या पोटात एक मायक्रोकंट्रोलर बसलेला असतो. तो ना कण्हत, ना तापत, ना वास मारत. त्याच्याशी बोलायचं तर लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकायचं. इंटेलनं 1980 साली आणलेल्या 8051 चिपच्या पोटात प्रोग्रॅमसाठी जागा होती 4 किलोबाइट. आज तेवढाच प्रोग्रॅम लिहायला जे सॉफ्टवेअर उतरवावं लागतं ते कित्येकदा गिगाबाइटच्या घरात जातं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे वाक्य इथे फारच सौम्य पडतं. इथे मसाल्याला वेगळं गोडाऊन लागतं.

आता ‘अपलोड’ हे बटण दाबल्यावर काय होतं ते जरा हळूहळू पाहू, कारण सगळी गंमत त्यातच आहे. आधी एक प्रोग्रॅम आपला मजकूर वाचतो. तो कंपायलरला देतो. कंपायलर त्याचे तुकडे करतो, लिंकर ते जोडतो, त्यातून एक फाइल निघते. ती फाइल तिसराच एक प्रोग्रॅम उचलतो. तो कधीकाळी दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कारणासाठी लिहिलेला असतो. तो विंडोजकडे जातो, विंडोज ड्रायव्हरकडे बोट दाखवतं, ड्रायव्हर यूएसबी पोर्टाकडे. पोर्टात केबल, केबलच्या टोकाला यूएसबीची भाषा सीरियलच्या भाषेत करून सांगणारी एक दुभाषी चिप, तिच्यापुढे मूळ मायक्रोकंट्रोलर, आणि त्याच्या आत बूटलोडर नावाचा रखवालदार. रिसेट झाल्यावर तो क्षणभरच दार उघडं ठेवतो. तेवढ्यात कुणी हाक मारली तर ठीक, नाही तर तो आतून कडी घालून आपल्या जुन्या कामाला लागतो. ही दहाएक ठाणी झाली. दहाही ठाणी वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या सालांतली. यातलं एकही ठाणं आपल्या पलीकडच्या दुसऱ्या ठाण्याला ओळखत नाही. तरीही हे सगळं बहुतेक वेळा चालतं, हे खरं तर नवल. पण नवलाची तक्रार कुणी करत नाही.

अडलं, की तक्रार कोण नोंदवतो? ज्याच्या दारात प्रकरण थांबलं तो. आर्डुइनोचे बोर्ड वापरणाऱ्यांच्या ओळखीचा तो लाल संदेश घ्या: ‘नॉट इन सिंक’, आणि पुढे प्रामाणिकपणे लिहिलेलं, ‘दहापैकी दहावा प्रयत्न’. त्याचा सरळ अर्थ एवढाच, की मी दहा वेळा हाका मारल्या, पलीकडून ओ आली नाही. का आली नाही हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही. पोर्ट चुकीचा निवडला असेल. बोर्डाचं नाव चुकीचं निवडलं असेल. आर्डुइनोच्या नॅनो बोर्डावरचा जुना बूटलोडर 57600 वेगानं बोलत असेल आणि आपण नव्याच्या 115200 नं ओरडत असू. कुणीतरी शून्य आणि एक नंबरच्या पिनांवर ब्लूटूथचं मॉड्यूल जोडून ठेवलं असेल आणि दोघे एकाच वेळी एकाच तारेवर बोलत असतील. किंवा, ज्याच्यासमोर सगळ्यांनी हात जोडावेत असं कारण: केबल फक्त चार्जिंगची असेल. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन बोलण्याच्या. मोबाइलच्या स्वस्त चार्जरबरोबरच्या कित्येक केबलींत बोलण्याच्या दोन घातलेल्याच नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, त्यामुळे केबलवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. दिवा लागतोय म्हणजे वायर चांगली, हा तर्क लोखंडाच्या दुनियेत शंभर टक्के बरोबर होता. इथे तो माणसाला तीन तास विंडोज फॉरमॅट करायला लावतो.

कंपायलरचंही तेच. एकेचाळिसाव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला, तर तो बेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवतो, कारण गडबड आहे हे त्याच्या लक्षात तिथे येतं. पुढे त्या एका अर्धविरामापायी पस्तीस-चाळीस चुकांची यादी पडते. पंचनाम्यात जसं ‘प्रेत अमुक हद्दीत मिळून आले’ लिहितात आणि खून कुठे झाला हा तपासाचा भाग राहतो, तसंच हे आहे. ज्याला ही भाषा कळते तो यादीतली पहिली चूक बघतो आणि बाकीच्या वाचतच नाही. नवशिका शेवटची बघतो, कारण पडदा तिथे थांबलेला असतो. मग बेचाळिसाव्या ओळीची काही चूक नसताना तिला खोडून, मोडून, शेवटी कॉमेंटमध्ये टाकून देतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचं काम औद्योगिक पट्ट्यात इतक्या नियमानं दुसरीकडे कुठे होत नसेल.

यावर अनुभवी मंडळी म्हणतील, एवढा ऊहापोह कशाला? सॉफ्टवेअर काढून टाका, परत टाका, चालतं. हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही, कारण ते खरंच चालतं. प्रश्न एवढाच, की कशानं चालतं. पुन्हा इन्स्टॉल करताना माणूस काय काय करतो ते पाहा. केबल काढतो. विंडोज सांगतं म्हणून कॉम्प्युटर बंद करून चालू करतो. तोवर मागे उघडी राहिलेली सीरियल मॉनिटरची खिडकी बंद होते, म्हणजे ज्यानं पोर्ट अडवून ठेवला होता तो उठून जातो. केबल परत लावताना ती दुसऱ्या भोकात लागते. चहा होतो, त्यामुळे निवडलेल्या बोर्डाचं नाव पुन्हा नीट वाचलं जातं. या पाच गोष्टींपैकी एकीनं काम होतं आणि श्रेय सहावीला, म्हणजे इन्स्टॉलेशनला मिळतं. जुनी बजाज चेतक स्कूटर आठवा. ती एका अंगाला वाकडी करून, मग सरळ करून किक मारायची, हा महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचा सकाळचा सूर्यनमस्कार होता. त्यामागे निदान पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढळावं एवढा तरी विचार सांगितला जायचा. 2020 च्या जानेवारीत चेतक विजेवर चालणारी होऊन परत विकायला आली. आता ती वाकडी करून काहीही ढळणार नाही. पण आपला हात सवयीनं लॅपटॉप वाकडा करू पाहतोच. पुन्हा इन्स्टॉल करणं हे नेमकं तसं वाकडं करणं आहे. एका माणसाला एका दिवशी ते परवडेल. पण नेमकं काय बदललं ते न कळता गाडी सुरू झाली, तर ती उद्या बंद पडल्यावरही तेच करावं लागतं. आणि परवा दुसऱ्या शिफ्टचा माणूस तोच विधी दोन मंत्र वाढवून करतो.

विधी कसे तयार होतात याचा या पट्ट्यातला सगळ्यात देखणा नमुना म्हणजे गुरुवार. भोसरी-पिंपरीकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी शेजारच्या शेडमधलं वेल्डिंग बंद, मोटरींचे वेग बदलणारे ड्राइव्ह बंद, प्रेस गप्प. अशा दिवशी बोर्डात प्रोग्रॅम घालायला बसलं की तो पहिल्या झटक्यात जातो. शुक्रवारी तोच बोर्ड, तोच लॅपटॉप, तीच केबल, आणि मध्येच कनेक्शन तुटतं. आता गुरुवार दत्ताचा वार, स्वामींचा वार. तेव्हा अवघड बोर्ड गुरुवारीच करावा असा संकेत पडायला कितीसा वेळ लागणार? उलगडा अगदी रूक्ष आहे. वेल्डिंग सेट आणि ड्राइव्ह विजेच्या तारांत आणि हवेत जो गोंगाट सोडतात तो लांब, बिनजाळीच्या केबलीत शिरतो, आणि अर्थिंग नावापुरतं असेल तर त्याला बाहेर पडायला वाट नसते. हाच माणूस लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवील, केबल तीन मीटरची हातभर करील, तर त्याला शुक्रवारही पावेल. पण केबल आखूड करण्यात भक्तिभाव नाही.

दुसरा आक्षेप जास्त कडक आहे: स्वस्तातला चिनी माल घेता, मग ओरडता, अस्सल घ्या, काही होत नाही. ऐकायला बरं वाटतं. 2014 च्या ऑक्टोबरात काय झालं ते मात्र आठवून पाहावं. मघाशी ज्या दुभाष्या चिपचा उल्लेख केला, तशा चिपा करणारी एफटीडीआय ही स्कॉटलंडची नामांकित कंपनी. तिच्या नकला जगभर सुटल्या होत्या. तिनं नवा ड्रायव्हर काढला, तो विंडोज अपडेटबरोबर घरोघरी गेला, आणि त्यानं नकली चिप ओळखली की तिचा ओळख क्रमांक पुसून शून्य करायला सुरुवात केली. मग ती चिप त्या कॉम्प्युटरलाच काय, शेजारच्यालाही ओळखू येईना. गदारोळ झाला, कंपनीनं ड्रायव्हर मागे घेतला. पण शिक्षा झाली कुणाला? नक्कल करणारा मजेत. विकणारा मजेत. ज्यानं तयार मशीन विकत घेतलं, ज्याच्या पॅनेलच्या आत कुठली चिप आहे हे त्यानं आयुष्यात कधी पाहिलेलं नाही, त्याची लाइन बंद. वड्याचं तेल वांग्यावर. बरं, अस्सल घेणारा तरी सुटला का? प्रॉलिफिक या तैवानी कंपनीची जुनी चिप असलेली केबल नव्या विंडोजला लावली, की डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या नावाच्या जागी चक्क एक निरोप झळकतो: ही चिप 2012 पासून बंद झाली आहे, आपल्या पुरवठादाराला भेटावं. तिथे अस्सल जुनी आणि नकली जुनी एकाच पंगतीला. पुरवठादार म्हणजे बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतलं दुकान. तिथे जाऊन ‘विंडोजनं तुम्हाला भेटायला सांगितलंय’ असं म्हणून पाहावं.

तपकीर गल्लीचा विषय निघालाच आहे, तर अकरा दशांश शून्य पाच नऊ दोनची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 8051 ला ठोका द्यायला एक क्रिस्टल लागतो, आणि पाठ्यपुस्तकात त्याचा आकडा 11.0592 मेगाहर्ट्झ असा विचित्र असतो. दुकानात तो संपलेला असला की काउंटरवरून 12 चा मिळतो, ‘चालतो हो, जवळपासच आहे’ या आश्वासनासकट. व्यवहारात बारा हा अकरापेक्षा कधीही चांगला. पण चिपचा हिशोब असा: 11.0592 ला बारानं भागा, मग बत्तीसनं भागा, येतात बरोबर 28,800. त्याला तीननं भागलं की 9600, आणि सीरियलवर बोलायचा वेग नेमका हाच. क्रिस्टलाचा तो वेडाविद्रा आकडा भाग नीट जावा म्हणूनच निवडलेला आहे. बाराच्या क्रिस्टलनं हाच हिशोब केला तर 10,416 येतात. साडेआठ टक्के जास्त. एक अक्षर म्हणजे पुढचा-मागचा खुणेचा बिट धरून दहा बिट. साडेआठ टक्क्यांनी पुढे पळणारा माणूस दहाव्या बिटापर्यंत जवळजवळ आख्खा एक बिट पुढे गेलेला असतो. ऐकणारा ऐकतो भलतंच, आणि पडद्यावर चौकोन, त्रिकोण, हसरे चेहरे, ग्रीक अक्षरं उमटतात. ही अक्षरं पाहून माणूस काय म्हणतो? सॉफ्टवेअरला व्हायरस लागला. तो अँटिव्हायरस चालवतो. अँटिव्हायरस फार सावध असतो. तो कंपायलरचीच एक फाइल संशयित म्हणून उचलून कोठडीत टाकतो. आता बिघाड दोन झाले, आणि त्यातला दुसरा खरोखरच सॉफ्टवेअरचा आहे. याचाच धाकटा भाऊ एटीमेगा 328 मध्ये राहतो. ही चिप कारखान्यातून 1 मेगाहर्ट्झवर धावायला बसवून येते. प्रोग्रॅम लिहिणारा 16 धरून लिहितो. मग एका सेकंदाला उघडायचा व्हॉल्व्ह सोळा सेकंदांनी उघडतो, आणि न्यूमॅटिकवाल्याला बोलावून हवेचं प्रेशर तपासलं जातं.

लोखंडाच्या दुनियेनं या सगळ्यावर एक उतारा काढलेला आहे, आणि तो फाइलींत भरून असतो: फाइव्ह व्हाय. टोयोटाकडून आलेली ही रीत अगदी शहाणी आहे. पाच वेळा ‘का’ विचारा, मूळ सापडेल. पण मोठ्या कंपनीला पाठवायच्या कागदावर ही पाच ‘का’ कशी चालतात? टेस्टिंगचा बोर्ड का बंद पडला? प्रोग्रॅम गेला नाही. प्रोग्रॅम का गेला नाही? कनेक्शन तुटलं. का तुटलं? केबल निघाली. का निघाली? धक्का लागला. धक्का का लागला? ऑपरेटरला जाणीव नव्हती. उपाय: ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं, सही घेतली, फोटो जोडला. पाचवा ‘का’ असा हमखास पगार सगळ्यात कमी असलेल्या माणसापाशी येऊन थांबतो, याचं कारण पुन्हा हद्दच. सहावा ‘का’ विचारला असता तर तो खरेदी खात्याच्या हद्दीत शिरला असता: स्क्रूनं आवळता येणारा कनेक्टर सोडून खेचला की निघणारी केबल का घेतली? सातवा थेट त्या मोठ्या कंपनीच्याच दारात गेला असता, जिनं भाव पाडून घेतला. कागद पाच ओळींचा असतो, तो उगीच नाही.

आता न्यायाला धरून हेही कबूल केलं पाहिजे, की सॉफ्टवेअरमध्ये खरोखर दोष असतात. चिप बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच्याच चिपांतल्या चुकांची यादी ‘इराटा’ म्हणून छापतात. कंपायलरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत आधीच्या आवृत्तीनं काय काय दिवे लावले त्याची कबुली येते. काही बिघाड तर असे चावट, की तपासायला म्हणून प्रोग्रॅममध्ये एक छापायची ओळ घातली की नाहीसे होतात आणि ओळ काढली की परत येतात. पाहुणे घरात असेपर्यंत शहाण्यासारखं बसणाऱ्या पोरासारखे. आणि काही दोष आपल्या वर्मावर बोट ठेवतात. अभिमानानं कॉम्प्युटरवर आपलं नाव मराठीत टाकलं, म्हणजे फोल्डरचं नाव देवनागरी झालं, की कित्येक जुनी टूलं ते वाचताना अडखळतात आणि ‘फाइल सापडत नाही’ म्हणून मोकळी होतात. फोल्डरच्या नावात नुसती मोकळी जागा सोडली तरी काहींना पुढचं दिसत नाही. मराठी अस्मितेचा प्रश्न इथे भावनेच्या भरात सुटत नाही. तो सी ड्राइव्हवर लहान लिपीत, एका शब्दात, इंग्रजीत फोल्डर करून सुटतो. पण हेही दोष नीट पाहिले तर कुठे बसलेले दिसतात? ज्यानं विंडोजला नाव दिलं आणि ज्यानं फाइल शोधली त्या दोघांच्या मध्ये. एकजण म्हणतो मी नाव बरोबर दिलं, दुसरा म्हणतो मला कळेल असं दिलं नाही. पुन्हा तळेगाव चौक.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो आजकाल चहाच्या टपरीवरही ऐकू येतो: आता कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारायचं, ती सांगते. सांगते खरी, आणि बरंच बरोबर सांगते. लाल अक्षरं जशीच्या तशी तिच्यापुढे टाकली की ती सात संभाव्य कारणं ओळीनं देते. पण तिलाही कागद तोच मिळालेला आहे, शेवटच्या ठाण्यानं लिहिलेला. टेबलावरची केबल तिला दिसत नाही. ज्या क्रिस्टलवर 12.000 असं छापलेलं आहे तो हातात धरून, उजेडाकडे वळवून, चष्मा कपाळावर सरकवून वाचणारं कुणीतरी शेडमध्ये लागतंच.

आणि ते कुणीतरी शेडमध्ये असतं, ही या लेखातली एकमेव अनपेक्षित बाब. तो म्हणजे जुना फिटर, ज्याला ट्रेनी ‘काका’ म्हणतात आणि ज्याला सी भाषेतलं एक अक्षर येत नाही. ‘काका, बघता का जरा?’ म्हटल्यावर तो लॅपटॉपकडे बघतच नाही. तो विचारतो, ‘कालपर्यंत चालत होतं ना? मग काल रात्रीपासून काय हललं?’ मग तो साखळी मधोमध तोडतो, कारण लांब पाइपलाइनीतली गळती शोधायची तर मधला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा हे त्याच्या हाताला ठाऊक आहे. सीरियल केबल असली तर बोर्डाकडचं टोक सोडवून नऊ पिनांच्या त्या कनेक्टरातली दोन आणि तीन नंबरची पिन एका तारेच्या तुकड्यानं जोडायची. म्हणजे जे बोललं ते तिथूनच माघारी यायला हवं. मग ट्रेनीला सांगायचं, टाइप कर काहीतरी. तो ‘ए’ दाबतो. पडद्यावर ‘ए’ परत आला, तर कॉम्प्युटर, विंडोज, ड्रायव्हर, दुभाषी चिप आणि केबल अशी पाच ठाणी एका दमात निर्दोष सुटली. पुढचं बोर्डात शोधा. नाही आला तर बोर्डाला हात लावू नका. हा तारेचा तुकडा फुकट मिळतो, त्याला लायसन्स लागत नाही आणि तो कुठल्याही आवृत्तीवर चालतो. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमातही तो आहे. पण अभ्यासक्रमात तो प्रश्न क्रमांक चार ब मध्ये आहे आणि काकांच्या तो वरच्या खिशात आहे. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, हलवल्यावर काय झालं ते पाहायचं, काही झालं नाही तर ती जागच्या जागी परत ठेवायची. लेथवर टूल लावताना हेच करतात. पडदा समोर आला की मात्र चांगला शिकलेला माणूसही एकाच वेळी पोर्ट, केबल, बोर्ड आणि विंडोज बदलतो, आणि चाललं की देवाला नारळ फोडतो.

नारळावरून आठवलं. खंडेनवमीला हा सगळा पट्टा बघण्यासारखा असतो. प्रेसला हार, लेथला हार, फोर्कलिफ्टला केळीचे खांब, आणि कोपऱ्यातल्या विंडोज एक्सपीच्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला, ज्याच्यावर ‘अपडेट करू नये, हात लावू नये’ असा कागद वर्षानुवर्षं चिकटवलेला आहे, त्यालाही हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. प्रोग्रॅम घालायची केबलसुद्धा गुंडाळून, स्वस्तिक काढून, पाटावर ठेवलेली असते. दसऱ्याची सुट्टी होते. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला केबल लावली जाते आणि पडद्यावर येतं, यूएसबी डिव्हाइस ओळखता आलं नाही. केबल फिरवून लावून पाहतात. नवी आणून पाहतात. ड्रायव्हर काढतात, परत टाकतात. दहाच्या सुमारास मोठ्या साहेबांना फोन जातो, ते म्हणतात विंडोज नवीन टाका. अकराला काका टॉर्च घेऊन येतात, पोर्टात बघतात आणि चिमट्यानं झेंडूची एक पाकळी बाहेर काढतात. तोवर विंडोज चाळीस टक्के पुसून झालेलं असतं.